जुनी गोळी, नवं खोकं

३ ऑक्टोबर २०१८

सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम पाहिजेत — सगळ्यांनाच, आणि आजच! टोळ्या यंदा दसऱ्याआधीच ऊस तोडायला निघाल्या. गावात पाणी नाही, रान काळं पडलंय, थांबून करायचं काय? तिकडं कारखान्यावर ही गोळी मिळेल न मिळेल, म्हणून बायका आमच्या सोसायटीच्या औषध दुकानातूनच गाठोड्यात बांधून नेतात. सकाळपासून मान वर करायला सवड नाही.

कडूबाई सगळ्यांच्या पुढं. वय बत्तीस. सव्विसाव्या वर्षी पिशवी काढली. "पाळीच्या पायी खाडे व्हायचे, मुकादम दंड लावायचा. डाक्टर म्हणला काढून टाक, न्हाईतर पुढं कॅन्सर होईल." हे ती दरवेळी सांगते आणि दरवेळी हसते. पिशवी गेली, अंडाशयंही गेली, आणि माझ्या वयात यायच्या त्या गरम वाफा तिला तिशीच्या आत आल्या. आता ही गोळी घेतली तर काम होतं, नाहीतर फडात चक्कर.

तिच्या चिठ्ठीवर ही एकच गोळी. सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर हीच. अठरा वर्षं मी त्या वाचते आहे. परवाना राधाकिशनच्या नावाचा, तो काचेत घालून भिंतीवर लावलाय. राधाकिशन स्वतः परळीला दुसऱ्याच्या दुकानात. महिन्यातून एकदा सह्या करायला येतो, चहा पितो, जातो. औषधं मीच देते. चिठ्ठ्या वाचून वाचून शिकले.

मलाही फाल्गुनापासून हीच गोळी चालू आहे. हे फक्त इथं लिहिते. वय एकोणपन्नास, पाळी थांबून दोन वर्षं झाली. अंगातून अशी वाफ यायची की चुलीपुढं बसवेना. म्हटलं, एवढ्या बायकांना हिनं बरं वाटतं तर मला का नाही? कडूबाईच्या चिठ्ठीवर लिहिलंय तसंच, रोज एक. पंधरा दिवसांत उतार पडला. ह्यांना सांगितलेलं नाही. हे सोसायटीचे सचिव, आणि तोंडात तीळ भिजत नाही.

५ ऑक्टोबर

आक्कांना चकलांब्याला तीन महिन्यांच्या गोळ्या पाठवल्या, एसटीच्या कंडक्टरकडं. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, भिवराबाई. उन्हाळ्यात इथं आल्या होत्या तेव्हा दिवसभर पदरानं वारा घेत बसायच्या. मीच गोळी सुरू करून दिली. आज फोनवर म्हणाल्या, "शिवकन्ये, तुझ्या गोळीनं झोप लागती बघ. तुझे दाजी गेल्यापासून अशी झोपले नव्हते."

कंडक्टरनं पुडी उघडली तर नसेल? पुढच्या वेळी डिंकानं चिकटवून देते.

१९ नोव्हेंबर

शहादेव माल घेऊन आला. माजलगावच्या घाऊक दुकानाचा माणूस, आठवड्यातून एकदा येतो. खोकं उघडलं आणि माझा हात थांबला. जांभळी पट्टी गेली, हिरवी आली. गोळीचं नाव तेच, पण खाली कंपनीचं नाव दुसरंच.

"हे काय?"

"कंपनीनं गोळी इकली, वैनी. म्हंजी समदीच. नाव, खोकं, हक्क, समदं दुसऱ्या कंपनीला."

"का?"

"जुनी झाली ना. मोठ्या कंपनीला नव्या महागाच्या औषधामागं जायचंय. अन् ही दुसरी हाय ना, तिचा धंदाच ह्यो हाय. लोकांच्या जुन्या गोळ्या इकत घ्यायच्या अन् चालवायच्या. नवं काही शोधायचं न्हाई, डाक्टरकडं माणूस पाठवायचा न्हाई. जुनं गिऱ्हाईक हाय तवर खपवायचं."

म्हणजे भाड्यानं दिलेला साखर कारखाना. धुराडं तेच, फाटकावर पाटी नवी. आमच्या भागात असे किती कारखाने हातोहात गेले, आणि पाटी बदलली की पहिल्यांदा सभासदांची दिवाळीची साखर बंद झाली. पाटी बदलते तेव्हा आत काहीतरी बदलतंच. शहादेव म्हणतो, गोळी तीच आहे. मग भाव का वाढला? त्यावर नुसता हसला. हसून उत्तर टाळणारी माणसं मला आवडत नाहीत. त्याची मोटारसायकलही नवी आहे.

जांभळ्या पट्टीची चौदा पाकिटं शिल्लक होती. ती वरच्या फळीवर, खोकल्याच्या बाटल्यांमागं ठेवली. ती आक्कांची. नवी मी आधी खाऊन बघते — काही व्हायचंच असेल तर मला होऊ दे.

२० नोव्हेंबर

नव्या पाकिटातली पहिली गोळी. चव वेगळी लागली. गिळायच्या गोळीला चव कुठली, हे खरं — पण लागली.

२ डिसेंबर

टँकर पाचव्या दिवशी आला. चौथ्या दिवशी यायचा होता. म्हणे डिझेल नव्हतं. डिझेल होतं, वाटेत कुणाच्या तरी मोसंबीला पाणी गेलं असणार.

मिळालेल्या पाण्यातून दोन पेले भरले. एकात जुनी गोळी टाकली, एकात नवी. नवी आधी विरघळली. किंवा मला तसं वाटलं, कारण मध्येच भाजीवाली आली आणि मी उठून दारात गेले होते. पाणी वाया गेलं म्हणून मन खात राहिलं.

दुपारी सोनाराकडं गेले. दोन गोळ्या काट्यावर ठेव म्हटलं. तो माझ्याकडं बघतच राहिला. दोन्ही सारख्याच भरल्या, केसाचाही फरक नाही. परत येताना मनात आलं, ह्याचा काटा तरी बरोबर आहे का? माझं डोरलं ह्यानंच घडवलंय.

१४ डिसेंबर

रक्त.

दोन वर्षांनी. सकाळी अंघोळीच्या वेळी दिसलं. आधी वाटलं कुठं लागलं असेल. मग कळलं.

दिवसभर दुकानात बसले, एका बाईला ताप उतरायच्या गोळ्यांऐवजी सर्दीच्या काढून दिल्या, तिनंच परत आणून दाखवल्या. माझी मावशी अशीच गेली. पाळी गेल्यावर रक्त, मग दुखणं, मग सहा महिन्यांत संपली. मला भीती वाटते. ह्यांना सांगायला तोंड उघडलं आणि टँकरचं बोलले.

१५ डिसेंबर

अजून आहे.

२२ डिसेंबर

गोळी बंद केली. नऊ महिने जुनी खाल्ली, काही झालं नाही. नवी सुरू करून चोविसाव्या दिवशी रक्त. ह्याहून काय पुरावा पाहिजे? खोक्यावरचं सगळं वहीत उतरवून घेतलंय — बॅच नंबर, परवाना नंबर, कारखान्याचा पत्ता. भिंगाखाली धरून वाचलं. पत्ता कुठल्या तरी लांबच्या औद्योगिक वसाहतीचा. कोण जाऊन बघणार? हेच त्यांना माहीत असतं.

२ जानेवारी २०१९

गोळी बंद, रक्त बंद. झालं सिद्ध!

वाफा पुन्हा सुरू झाल्या आहेत. होऊ देत. जिवावरचं टळलं.

फळीवरची चौदाही पाकिटं आक्कांना पाठवली, पुडीला डिंक लावून. फोनवर बजावलं — आक्का, जांभळ्या पट्टीचीच घ्यायची, दुकानातून दुसरी कुठलीही नाही, आणि एक दिवसही चुकवायची नाही. "न्हाई चुकवीत," म्हणाल्या. आवाज जरा खोल वाटला. तिकडं दोन हंडे पाण्यासाठी मैलभर चालावं लागतं, त्यानं असेल. खरी गोळी घरात एका माणसाला तरी मिळते आहे एवढं समाधान.

१५ जानेवारी

संक्रांत. वाणात काही नाही, नुसतं हळदीकुंकू आणि चिमूटभर तीळ. कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत.

सकाळी जिल्ह्याला औषध निरीक्षकांकडे अर्ज पाठवला. स्वतःचं नाव घातलं, स्वतःचं दुखणं नाही घातलं. 'बायकांना त्रास होतो आहे' एवढंच लिहिलं. चेअरमन सुंदररावांना अर्जाची नक्कल दाखवली. निवडणूक तोंडावर आहे, ते घाबरले. "निकाल लागेस्तोवर ही गोळी इकायची न्हाई," म्हणाले. हिरव्या पट्टीचं खोकं मी स्वतः सुतळीनं बांधलं.

शहादेव म्हणाला, "वैनी, तुमी उगंच घोळ घालताय. बायका मरतील गरमीनं."

कमिशन बुडालं म्हणून ओरडतो आहे.

५ फेब्रुवारी

आज नऊ बायका परत पाठवल्या. ज्यांनी ऊसतोडीला न जाता घरीच दिवस काढले त्या. सारजाबाई दुकानाच्या पायरीवर बसून राहिली, पदर काढून मानेवर घेतला, घामानं चोळी भिजलेली. हिची पिशवी अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. "तीन आठवडे झोप न्हाई. लेकराला उगंच मारलं काल म्या. कुठंच मिळंना का?" म्हणाली. मी तिला माठातलं पाणी दिलं. दुसरं काय देणार? विष द्यायचं का?

मनाला लागलं. पण मी बरोबर आहे.

२१ फेब्रुवारी

निकाल आला. नमुना योग्य दर्जाचा. औषध खोक्यावर लिहिलंय तेवढंच भरलं.

तेवढंच? अगदी तेवढंच? इतकं बरोबर कधी असतं का? नमुना म्हणून कुठली पाकिटं नेली, कुणासमोर उघडली, मी काही बघितलेलं नाही. सुंदररावांना म्हटलं, आणखी थोडं थांबा. ते वैतागले, पण थांबले.

१० मार्च

पुन्हा रक्त. अडीच महिने गोळी बंद आहे आणि तरी.

मग गोळीनं नव्हतं का? की ते विष अंगात मुरून राहिलंय? माझंच गणित मला जुळेना. मावशीचा चेहरा सारखा समोर येतो. ह्यांनी विचारलं, जेवण का जात नाही. म्हटलं, उन्हाळा.

२५ मार्च

कडूबाई परत आली. तिकडंही ऊस लवकर संपला. बैल चारा छावणीत बांधले आणि थेट दुकानात, पायांवर अजून चिपाडाचे ओरखडे. गोळ्या संपल्यात म्हणाली. शेवटची दोन पाकिटं तिकडच्या दुकानातून घेतली होती, हिरव्या पट्टीची.

"हिरवी घेतलीस? त्रास नाही झाला?"

"कसला तरास? गोळी तीच की."

मग मी सांगितलं. ती गोळी खोटी आहे, सरकार काही म्हणो, मला स्वतःला बाधली आहे. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच बोलले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं म्हणून, आणि कडूबाईपुढं लाज वाटत नाही म्हणून. रक्ताचंही सांगितलं.

तिनं काउंटरवर दोन्ही हात ठेवले. "बाई, तुमची पिशवी काढलेली हाय का?"

"नाही."

"मग तुमी आमची गोळी कावून खाल्ली?"

मला समजलंच नाही. ती म्हणाली, तिच्या टोळीत वत्सलाबाई म्हणून एक आहे, तिची पिशवी आहे. तिला गरमी व्हायची म्हणून कडूबाईनं आपल्यातल्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत रक्त सुरू. "कारखान्यावर शिबिराला नर्सबाई आलती. तिनं मला लई झापलं. म्हणली, ही एकटी गोळी पिशवी नसलेल्या बाईची. पिशवी असंल तर तिच्या संगट दुसरी गोळी लागती, न्हाईतर पिशवी आतून वाढत जाती. तुमाला ठावं नव्हतं? तुमी तर दुकानवाल्या बाई."

तेवढ्यात राधाकिशन सह्या करायला आला. सुतळी सोडली, पाकिटातला घडी घातलेला कागद काढला आणि त्याच्यापुढं धरला. इंग्रजी, मुंगीएवढी अक्षरं. त्यानं वाचून सांगितलं. कडूबाई बोलली तेच. जुन्या खोक्यातल्या कागदावरही हेच असतं म्हणाला, कधीपासून. चार महिने मी ह्या खोक्याचा कानाकोपरा भिंगाखाली तपासला, आणि आतला कागद दरवेळी टोपलीत टाकला.

अठरा वर्षांत माझ्याकडं ह्या गोळीची एकही चिठ्ठी पिशवी असलेल्या बाईची आली नाही. आमच्याकडं ज्यांची पिशवी शाबूत आहे त्या बायका वाफांसाठी डॉक्टरकडं जातच नाहीत. ज्या जातात, त्यांची आधीच काढलेली असते. सगळ्या चिठ्ठ्या सारख्या, म्हणून मला वाटलं औषधच एवढं आहे. नऊ महिने जुन्या गोळीनंच आतलं अस्तर वाढत होतं, आणि फुटायला आलं तेव्हा खोकं बदललेलं होतं, एवढंच.

कडूबाईला तिच्या गोळ्या दिल्या. सारजाबाईच्या घरी स्वतः नेऊन दिल्या. तिनं पाकीट घेतलं आणि ती आत गेली.

२८ मार्च

अंबाजोगाई, सरकारी दवाखाना. सिरसाळ्याहून पहिल्या गाडीनं गेले, ह्यांना म्हटलं परळीला माल बघायला जाते. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. सोनोग्राफी केली, अस्तर जाड झालंय म्हणाली. आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. दुखलं. निकाल आठ दिवसांनी.

"गोळी कुणी दिली होती?" तिनं विचारलं.

"दुकानात मिळाली," म्हटलं.

"दुकानवाल्यानं विचारलं नाही काही?"



३ एप्रिल

शहादेव आला. मी म्हटलं, हिरवी दोन खोकी दे. त्यानं कारण विचारलं नाही, मीही माफी मागितली नाही. चहा दिला. मोटारसायकल भावाची आहे म्हणे.

निकालाशिवाय दुसरं काही सुचत नाही. मेले तर कपाटातल्या साड्या कुणाला, इथपर्यंत विचार झाला.

६ एप्रिल

पाडवा. निकाल काल मिळाला — कॅन्सर नाही! अस्तर वाढलंय, पण साधं. दुसरी गोळी दिली आहे, तीन महिने घ्यायची, मग पुन्हा तपासणी. पिशवी काढायची गरज नाही. हे मी डॉक्टरीणबाईंना तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच म्हणाल्या. आणि मला ते खरं वाटलं. किती महिन्यांनी कुणाचं काही खरं वाटलं!

गुढी उभारली. साखरेची गाठी आणली. जेवताना ह्यांना सगळं सांगून टाकलं, पहिल्यापासून. हे हातातला घास तसाच धरून बसले. "मला कावून न्हाई सांगितलं?" एवढंच म्हणाले. मला रडू आलं, बरं वाटलं.

मग पानावरून उठता उठता म्हणाले, "आक्का येणार होती पाडव्याला. न्हाई येत म्हणली. उभं ऱ्हायलं की डोळ्यांपुढं अंधारी येती म्हणं."

पदरानं वारा घेत बसलेल्या आक्का. त्यांची पिशवी कुणी काढली? कुणीच नाही. बारा दिवस मला फक्त माझंच सुचत होतं. चौदा पाकिटं. एक दिवसही चुकवू नका.

फोन लावते आहे, लागत नाही.

७ एप्रिल

सकाळी लागला. एकच विचारलं — आक्का, रक्त जातंय का?

मग म्हणाल्या, "दिवाळीपासून."

मला का नाही सांगितलंत?

"तुला सांगितलं असतं तर तू त्या गोळीवर संशय घेतला असता अन् बंद केली असती. मला झोप लागत व्हती गं."